स्ट्रोकनंतर हातासाठी व्हीआर गेम: घरी सत्र कसं घ्यायचं आणि कुठे चुकतं

व्हीआर, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी दृश्य उभं करणारा हेडसेट, घरी आला की बहुतेक घरांत तो पहिल्याच संध्याकाळी पेशंटच्या डोक्यावर चढतो. गेम कुठला, तर नातू खेळतो तोच. दहा मिनिटांत मळमळ, दुसऱ्या दिवशी खांद्यात कळ, आणि आठवड्याभरात हेडसेट कपाटावर. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, क्रम उलटा झालेला असतो. आधी परवानगी, मग खुर्ची, मग हात, मग हेडसेट, आणि गेम त्यानंतर. शेवटी खऱ्या वस्तूंचा सराव असतो, आणि नेमका तोच गाळला जातो.

हा लेख घरी येऊन स्थिरावलेल्या पेशंटसाठी आहे. तो खुर्चीत अर्धा तास आधाराशिवाय बसू शकतो, दोन टप्प्यांची सूचना समजतो आणि कमजोर हात मांडीवरून निदान चार-सहा इंच स्वतः उचलतो, असं धरलं आहे. हात अजिबात हलत नसेल तर काय करायचं ते फिजिओच ठरवतील. सगळी सत्रं बसूनच घ्यायची. उदाहरणं मेटा क्वेस्ट २ आणि ३ या हेडसेटची आहेत.

एक अपेक्षा आधीच जागेवर आणू. २०१६ साली १४१ पेशंटची एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर निन्टेन्डो वी (हाताच्या हालचालीवर चालणारा टीव्हीवरचा गेम) दिला, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) ७२ चाचण्या होत्या. त्यातही हेच दिसलं की नेहमीच्या व्यायामाच्या जागी व्हीआर वापरून हाताला विशेष जास्त मिळत नाही, पण नेहमीच्या व्यायामात भर म्हणून घेतला तर उपयोग होतो. त्यामुळे गेम सुरू केला म्हणून फिजिओ बंद करू नका.

१. परवानगी घ्या आणि ती कागदावर घ्या

"हो हो, चालेल" एवढं तोंडी उत्तर पुरत नाही. न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओ यांच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या:

- बीपी किती वर असेल तर त्या दिवशी सत्र नाही
- हात किती उंचीपर्यंत न्यायचा
- नेमकी कोणती हालचाल वाढवायची आहे (कोपर सरळ करणं, मनगट वर उचलणं, वगैरे)
- स्प्लिंट किंवा खांद्याचा पट्टा सत्रात ठेवायचा की काढायचा

पुढीलपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय हेडसेट लावू नका:

- स्ट्रोकनंतर फिट आलेली असणं
- मेंदूची सूज उतरावी म्हणून कवटीचं हाड काढलेलं असणं. हाड परत बसेपर्यंत हेडसेटचा पट्टा त्या जागी दाबता कामा नये.
- पेसमेकर, किंवा डोक्यात बसवलेला शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी). हेडसेट आणि कंट्रोलर (हातात धरायचं बटणांचं यंत्र) यांमध्ये चुंबक असतात.
- खांदा निसटलेला असणं, किंवा हाताला सूज, लाली आणि स्पर्शही सहन न होणं
- लहान मेंदूच्या स्ट्रोकनंतरची चक्कर
- नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, किंवा डोळे आलेले असणं

फिजिओला आणखी एक विचारा: पेशंटला एका बाजूचं दिसत नाही का, की त्या बाजूकडे त्याचं लक्षच जात नाही? मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झालेल्यांत डाव्या बाजूकडे दुर्लक्ष बऱ्याचदा आढळतं. घरच्यांना ते हट्टीपणा वाटतं. गेममध्ये डावीकडून आलेली प्रत्येक वस्तू सुटत असेल तर कारण बहुधा हेच आहे.

२. खोली आणि खुर्ची

खुर्ची लाकडी, जड, हात असलेली हवी. फरशीवर घसरणारी प्लॅस्टिकची खुर्ची नको, फिरती ऑफिसची खुर्ची तर मुळीच नको. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. पेशंटचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली पाट ठेवा. पायात मोजे नकोत, ते घसरतात.

पुढे आणि दोन्ही बाजूंना हात पूर्ण लांब करून वर आणखी एक फूट जागा मोकळी ठेवा. टीपॉय, पाण्याचा तांब्या, चार्जरची वायर, सगळं बाजूला. हेडसेट घातला की पेशंटला स्वतःचा खरा हात दिसत नाही. त्यात हाताची संवेदना कमी असेल तर टेबलाच्या कडेवर आपटलेलं मनगट त्याला कळतही नाही. हे कळतं संध्याकाळी, निळं पडल्यावर.

खोलीत नेहमीचा उजेड असू द्या. अंधारात हेडसेटचे कॅमेरे हात शोधू शकत नाहीत. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. हेडसेटच्या आतल्या काचांवर ऊन पडलं तर त्यामागचा स्क्रीन कायमचा खराब होतो, म्हणून हेडसेट खिडकीत ठेवायचा नाही. टेबलफॅनचा झोत चेहऱ्यावर येईल असा लावा. त्याने मळमळ कमी होते.

तपासा: सोबतच्या माणसाने पेशंटच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल पुढे बसायचं. मागे उभं राहून काहीही दिसत नाही.

३. हेडसेट आधी तुम्ही घाला

पेशंटला घालून मग मेनू शोधत बसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तेवढ्यातच पाच मिनिटं जातात आणि मान दमते. क्वेस्ट २ चं वजन ५०३ ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५ ग्रॅम, आणि ते जवळजवळ सगळं पुढच्या बाजूला असतं.

त्याच खुर्चीत बसून पुढील गोष्टी उरका:

- बॅटरी पाहा. कंट्रोलरमधला सेलही पाहा.
- बसून खेळण्याची स्थिर सीमारेषा निवडा.
- कास्टिंग सुरू करून पेशंटला दिसणारं चित्र मोबाईलवर किंवा टीव्हीवर घ्या. मोबाईल आणि हेडसेट एकाच वायफायवर हवेत. कास्टिंग नसेल तर पेशंट कशाकडे हात नेतोय ते तुम्हाला कळणारच नाही.
- हेडसेट आपोआप झोपी जाण्याची वेळ वाढवा. तुमच्या डोक्यावरून पेशंटच्या डोक्यावर जाईपर्यंत गेम थांबलेला नको.
- गेम उघडून सुरू होण्याच्या पडद्यापर्यंत आणून ठेवा.

उंचीची गडबड इथेच होते. बरेचसे गेम माणूस उभा आहे असं धरून चालतात. बसलेल्या पेशंटला मग वस्तू कपाळाच्या उंचीवर येतात आणि तो खांदा कानापर्यंत उचलून त्या गाठतो. गेमच्या सेटिंगमध्ये उंची कमी करता येते का ते बघा. नसेल तर हेडसेटच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनूत बसलेल्यांसाठी उंची बदलायची सोय आहे. वस्तू पोट ते छाती या पट्ट्यात यायला हव्यात.

४. हात तयार करा

सत्र जेवणानंतर निदान तासाभराने घ्या. उपाशीपोटीही नको. मधुमेह असेल तर आधी शुगर तपासा. पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजा, आणि तो चांगल्या हातावर. कमजोर हाताच्या स्नायूंचा ताठरपणा आकडा फसवू शकतो. आकडा लिहून दिलेल्या मर्यादेच्या वर असेल तर हेडसेट डब्यात परत.

मग पाच-सात मिनिटं फिजिओने शिकवलेले ताणाचे व्यायाम. बोटं, मनगट, कोपर या क्रमाने, सावकाश. हात ओढायचा नाही. बगलेत हात घालून पेशंटला खुर्चीत वर सरकवायचंही नाही. निसटू पाहणारा खांदा असाच निसटतो.

आता पंचाची युक्ती. पंचाची चौपदरी घडी करून पेशंटची पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये ठेवा. पेशंट हात लांब करायच्या ऐवजी कमरेतून पुढे झुकला की घडी घसरून खाली पडते. स्ट्रोकनंतर शरीर हीच पळवाट काढतं: कोपर सरळ होत नाही म्हणून अख्खं धड पुढे जातं. गेमला तो फरक कळत नाही, तो गुण देऊन मोकळा होतो. पंचा पडला की ती फेरी मोजायची नाही.

थांबण्याची खूण याच वेळी ठरवा. बोलण्यावर परिणाम झालेल्या पेशंटला "बंद करा" म्हणता येत नाही. चांगल्या हाताने मांडीवर दोनदा थाप, ही खूण पुरते. हेडसेट न घालता ती तीनदा करून घ्या.

५. हेडसेट चढवणं

केसांना तेल लावलेलं असेल तर पट्ट्याखाली सुती रुमाल बांधा. कपाळावरचं गंध, कुंकू, भस्म पुसून घ्या, ते काचांवर उतरतं. काच पुसायची ती चष्म्याच्या कोरड्या मऊ फडक्यानेच. सॅनिटायझर किंवा स्पिरिट काचेला लावू नका.

पट्टा पूर्ण सैल करा. आधी पुढचा भाग डोळ्यांवर टेकवा, तो एका हाताने धरून ठेवा, मग पट्टा मागे न्या. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बसला पाहिजे, नाहीतर सगळा भार गालांवर येतो. चष्मा असेल तर क्वेस्ट २ साठी स्पेसर (चष्म्याला जागा करणारी चौकट) वापरा. क्वेस्ट ३ मध्ये गादी पुढे-मागे सरकते.

दोन काचांमधलं अंतर जुळवा. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून बारीक जुळवता येतं. चष्म्याच्या दुकानात पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजून मिळतो. धूसर दिसण्याचं आणि डोकं दुखण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

तपासा: "नीट दिसतंय का?" विचारू नका, पेशंट "हो" म्हणतो. पडद्यावरचा एखादा शब्द वाचायला किंवा बोट दाखवायला सांगा.

६. कंट्रोलर कमजोर हातात

सुरुवातीला चांगल्या हातात काहीही देऊ नका. दोन्ही हातांत कंट्रोलर दिले तर चांगला हात सगळं काम उरकतो आणि कमजोर हात मांडीवर पडून राहतो.

पकड पुरेशी असेल तर कंट्रोलर नुसता धरू द्या. बोटं सुटत असतील तर तळहातामागून जाणारा पट्टा लावा, किंवा ३ इंची क्रेप बँडेजचे दोन सैल वेढे द्या. मनगट खाली लोंबता कामा नये, किंचित वर उचललेलं हवं. दोन मिनिटांनी नखं बघा. पांढरी किंवा निळसर दिसली, बोटं गार लागली, तर लगेच सोडा.

कंट्रोलरशिवाय नुसत्या हाताने खेळण्याची सोय हेडसेटमध्ये आहे, पण मूठ घट्ट मिटलेली असेल तर कॅमेऱ्याला हात सापडत नाही आणि गेममधला हात गायब होतो. पेशंटला वाटतं आपलंच चुकलं. ज्यांची बोटं स्वतः उघडतात त्यांनाच ही सोय द्या. बटण दाबता येत नसेल तर नुसत्या हालचालीवर चालणारा गेम निवडा.

७. पहिलं सत्र ५ मिनिटांचं

पेशंट मजेत असला तरी पाचच मिनिटं. मळमळ कधीकधी हेडसेट काढल्यावर सुरू होते.

पहिला मिनिट काहीच खेळायचं नाही, फक्त इकडेतिकडे बघायचं. मग वस्तूंकडे हात नेणं. दृश्य तिरकं किंवा बाजूला वाटलं तर उजव्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबून धरा, दृश्य समोर येतं. उजवा हात कमजोर असेल तर हे बटण तुम्हीच दाबा.

तुमचे डोळे मोबाईलवर कमी आणि पेशंटवर जास्त हवेत. सूचना दोन-दोन शब्दांच्या: "पाठ टेका." "खांदा सोडा." "सावकाश." गेम चालू असताना लांब वाक्य कोणी ऐकत नाही.

थांबा:
- जांभया, वारंवार आवंढा गिळणं, चेहरा पांढरा पडणं, एकदम गप्प होणं. उलटीच्या आधीच्या या खुणा आहेत.
- गार घाम. मधुमेह असेल तर आधी शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर साखर द्या, पण पेशंट नीट गिळत असेल तरच. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.
- खांद्याचं दुखणं १० पैकी ३ च्या वर.
- कोपर वळून मूठ आवळत जाणं. उत्साह आणि घाई यांनी ताठरपणा वाढतो. दोन मिनिटं सावकाश ताण द्या, मग ठरवा.
- चेहरा वाकडा, बोलणं नव्याने जड, किंवा हात-पाय अचानक आणखी लुळा. हा थकवा समजू नका. वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

८. गेम निवडणं आणि अवघड करत नेणं

पेशंट जागेवर आणि वस्तू त्याच्याकडे येतात, असा गेम निवडा. पेशंट 'चालतो', उडतो किंवा गाडी चालवतो तो गेम नको. डोळ्यांना गती दिसते, कानातल्या तोलाच्या यंत्रणेला ती जाणवत नाही, आणि पोट ढवळतं.

बीट सेबर (गाण्याच्या तालावर समोरून येणारे ठोकळे आभासी तलवारीने कापायचा गेम) पुष्कळांना आवडतो, पण तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नको. नंतर घ्याल तेव्हा 'नो फेल', 'नो अ‍ॅरोज', 'नो वॉल्स' आणि 'स्लोअर साँग' चालू करा, म्हणजे हरणं, दिशेचे बाण आणि भिंती बंद होतात आणि गाणं सावकाश चालतं. एका हाताने खेळायचा प्रकार मुळात उजव्या हातासाठी असतो, म्हणून डावा हात कमजोर असेल तर डावखुऱ्यांचं सेटिंग निवडा. या गेममधली खोच अशी की मनगटाच्या छोट्या झटक्यानेही ठोकळा फुटतो. फिजिओने कोपर सरळ करायला सांगितलंय आणि पेशंट मनगट झटकून पुढे चाललाय, तर त्या गुणांना काही अर्थ नाही.

वेळ वाढवायचा क्रम: पहिला आठवडा ५ मिनिटांची एक फेरी. दुसऱ्या आठवड्यात दोन फेऱ्या, मध्ये हेडसेट काढून दोन-तीन मिनिटं विश्रांती. पुढे तीन-चार फेऱ्यांपर्यंत. आठवड्यातून चार-पाच दिवस. एका फेरीत ४० ते ६० नीट हालचाली भरल्या तर छान. उत्तर अमेरिकेतल्या २००९ च्या एका पाहणीत नेहमीच्या फिजिओ सत्रात कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या होत्या. गेमचा खरा फायदा या आकड्यात आहे. मोजायला जपमाळ उत्तम: एक हालचाल, एक मणी.

अवघडपणा वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदला. अंतर, मग उंची, मग वेग, मग वस्तूंची संख्या. दहापैकी आठ जमले तर पुढे जा, पाचही जमत नसतील तर मागे या. खांद्याच्या वर हात नेणं फिजिओने सांगितल्याशिवाय नाही. दंडाबरोबर खांद्यामागचं चपटं हाड फिरत नसेल तर खांद्यातले स्नायुबंध हाडांमध्ये चिमटतात, आणि एकदा खांदा धरला की पुढचे कित्येक आठवडे सगळाच व्यायाम अडतो.

९. हेडसेट उतरल्यावर लगेच उठवू नका

पाच मिनिटं खुर्चीतच. बीपी पुन्हा मोजा. नजरेचा अंदाज थोडा वेळ चुकू शकतो, म्हणून गरम चहाचा कप लगेच हातात देऊ नका.

मग खऱ्या वस्तू. गेमला जेवढा वेळ दिला त्याच्या निदान निम्मा वेळ इथे द्या. गेममध्ये जी हालचाल केली तीच, त्याच उंचीवर: अर्धं भरलेलं फुलपात्र उचलून बाजूला ठेवणं, दिव्याचं बटण दाबणं, नॅपकिनची घडी, मटाराच्या शेंगा ताटातून वाटीत टाकणं. गेममधल्या चेंडूला वजन नसतं, फुलपात्राला असतं. बोटांना ते धरावं लागतं, पाणी सांडू नये म्हणून मनगट सांभाळावं लागतं. हा भाग गाळला की हात गेममध्ये तरबेज होतो आणि जेवायला बसल्यावर घास चांगल्या हातानेच जातो.

१०. नोंद

वहीत रोज एक ओळ: तारीख, आधीचा आणि नंतरचा बीपी, मिनिटं, नीट हालचाली, खांद्याचं दुखणं ० ते १०, मळमळ ० ते १०, पंचा किती वेळा पडला. गेमचे गुण लिहू नका. घरचे आणि पेशंट दोघेही त्यांच्याच मागे लागतात.

दर रविवारी एक मोजणी. चपलेच्या खोक्याच्या मधोमध पुठ्ठ्याची भिंत उभी करा, एका बाजूला बाटल्यांची बुचं भरा. कमजोर हाताने एकेक बुच भिंतीपलीकडे, ६० सेकंद. दवाखान्यात लाकडी ठोकळ्यांनी घेतात त्या चाचणीची ही घरगुती आवृत्ती आहे. खोकं, बुचं, खुर्ची आणि वेळ दर आठवड्याला तीच ठेवा.

गेममध्ये प्रगती आहे आणि तीन रविवार बुचांचा आकडा जागचा हलत नाही, तर वेळ वाढवू नका. वही आणि खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन फिजिओकडे जा. व्हिडिओ बाजूने काढा, खांदा, कोपर आणि खुर्चीची पाठ तिन्ही दिसतील असा.